दगडाचा धागा

नाशिक रोड,
६ जानेवारी २०२५

ती. दादांना दीपमालाचा सविनय जयभीम. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मी ओरडले की शेजारी गोळा होतात. म्हणून पत्र. आईलाही वाचून दाखवा.

आमच्या ठेकेदाराने एक जुनं गोदाम पाडायचं काम घेतलंय. सुपरवायझर मी, हाताखाली पेठ तालुक्यातले चाळीस मजूर. छताला सगळे सिमेंटचे पत्रे. घण घालून दोन दिवसांत खाली आणायचे, असं ठरलं होतं. पण गोदामाच्या मालकांनी अट घातली, ॲस्बेस्टॉसचं प्रशिक्षण झाल्याशिवाय पत्र्याला हात लावायचा नाही. मला वाटलं, गेला एक दिवस फुकट.

दादा, तो दिवस मी जन्मात विसरणार नाही. शिकवायला तेजल मॅडम आल्या होत्या. त्यांनी बंद बरणीतला ॲस्बेस्टॉसचा दगड दाखवला. त्याच्या कडेला रेशमासारखे धागे सुटलेले! दगडाचे धागे, विणता येतात, आगीत जळत नाहीत. मग पडद्यावर तोच धागा मोठा करून दाखवला. तो उभा चिरत जातो, बारीक, आणखी बारीक, शेवटी डोळ्यांना दिसेनासा होतो. हेच धागे सिमेंटच्या पत्र्यात असतात; पत्रा फोडला की असे लाखो हवेत. श्वासातून आत गेला की छातीत रुततो आणि वीस-तीस वर्षं गप्प बसतो. मग कधी दम लागतो, कधी गाठ होते.

आणि मला तुम्ही आठवलात. सिमेंटच्या पत्र्यांच्या कारखान्यातून घरी यायचात ते डोक्यापासून पायापर्यंत पांढरे. आई अंगणात तुमचा सदरा झटकायची. तुम्ही तिथे चौदा वर्षं काढलीत. माझं ऐका, दोघंही छाती तपासून घ्या. आईला मागे ठेवू नका.

तुमची माया आहेच, ती तशीच राहू द्या.
तुमची,
दीपमाला


येवला,
१९ जानेवारी २०२५

चि. दीपमालास आशीर्वाद आणि जयभीम.

तुझं पत्र तीनदा वाचलं. बेटा, जेवणाच्या सुट्टीत आम्ही त्याच धाग्याच्या पोत्यांना टेकून बसायचो. कापसासारखं मऊ लागायचं. एकमेकांच्या अंगावर उडवायचो, हसायचो. तो दगड होता हे आज कळलं. आम्हाला कोणी सांगितलं नाही, आम्हीही कोणाला विचारलं नाही.

तू लिहिलंस म्हणून दोघांनी छातीचे फोटो काढले. माझ्यात फारसं काही निघालं नाही. तुझ्या आईचा फोटो मात्र डॉक्टर लय वेळ बघत राहिले. मग त्यांनी तिला विचारलं, बाई, तुम्ही कारखान्यात कोणत्या खात्यात होता? तिने तर कारखान्याचं फाटकही कधी ओलांडलं नाही. फुफ्फुसाच्या आवरणावर जुने चट्टे आहेत म्हणतात. नाशिकला मोठी तपासणी करायला सांगितलीय.

घरी आल्यावर मी म्हटलं, सुमन, हे मीच आणलं घरात. तर मलाच म्हणाली, कपडे मी झटकले, तुम्ही कुठं झटकायला सांगितलं होतं? आणि कांदा काढायला माणसं लागलीत, तुम्ही इथंच थांबा, म्हणाली. बुधवारच्या एसटीने ती येतेय. तिला तुझ्या मॅडमना भेटायचंय. का, ते मला सांगत नाही.

तिला सांभाळ. स्वतःलाही. या म्हाताऱ्यावर राग धरू नकोस.
तुझा दादा,
भिकन


नाशिक रोड,
८ फेब्रुवारी २०२५

ती. दादांना सविनय जयभीम. वि. वि.

आधी तपासणीचं. चट्टे आहेत, ते जाणार नाहीत; पण गाठ नाही. वर्षातून एकदा दाखवायचं आणि दम लागला तर लगेच यायचं. तुमच्यावर राग कसला, दादा?

आता आईचं. आमच्याकडे पत्रे ओले करून, बोल्ट सोडून, अख्खे उतरवतात आणि जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळतात. तेवढं सगळे नीट करत होते. पण उकडतं म्हणून दुपारनंतर अंगावरचे धूळ अडवणारे पांढरे सूट कमरेपर्यंत खाली यायचे, आणि संध्याकाळी अंघोळ न करताच माणसं ट्रकमध्ये बसायची. लखन त्यांचा मुकादम. तो म्हणायचा, आमच्या छातीचं आम्ही बघू. मी सांगून दमले.

मला बोलू द्या, असं आईनेच तेजल मॅडमना भेटून सांगितलं होतं; काल त्यांनी तिला मजुरांसमोर उभं केलं. चार माणसांत तोंड न उघडणारी आपली आई चाळीस जणांसमोर बोलली. म्हणाली, माझे मालक चौदा वर्षं पत्र्याच्या कारखान्यात होते, त्यांना काही झालं नाही. मला झालं. मी फक्त त्यांचे कपडे झटकले-धुतले. संध्याकाळी तोच सदरा अंगात असलेल्या बापाच्या मांडीवर पोरीला बसवलं. आता तिच्या छातीत काय आहे, ते मला अजून माहीत नाही.

दादा, हे तिने मला कधी बोलून दाखवलं नव्हतं. सोमवारी माझीही तपासणी आहे, घाबरू नका.

लखनला दोन लहान मुली आहेत. संध्याकाळी काम सुटल्यावर तो सगळ्यात आधी नळावर गेला. मागे बाकीच्यांची रांग लागली. पाणी बर्फासारखं गार. ट्रकवाला हॉर्न वाजवून थकला, पण कामाच्या कपड्यांत एकही जण चढला नाही. आई फाटकाशी पदर घट्ट ओढून उभी होती. शेवटचा माणूस अंघोळ करून, कोरडा सदरा घालून येईपर्यंत ती जागची हलली नाही.

दोघींवर जीव आहे तुमचा, ठाऊक आहे. तो असाच असू द्या.
तुमची,
दीपमाला