गिटारीला लावलेला कान

सोलापूर, १४ जुलै १९३७
सकाळी दादांचं पुन्हा तेच. "दसऱ्यापासून मिलच्या टाइम ऑफिसात बसायचं. साहेबांशी बोलून ठेवलंय." मी भाकरी मोडत राहिलो. मग, "इंटर अर्धी टाकून आलास ती त्या हुसेनच्या दुकानात तारा खाजवायला?" बापासमोर ताटावरून उठलो. आईनं ताट झाकून ठेवलं. संध्याकाळी तेच जेवलो. राग धरायचा तर जेवायला दुसरं घर पाहिजे.

तिचं नाव इथं लिहायचं नाही. लिहिलं की पुढचं काही सुचत नाही. प. एवढं पुरे.

१७ जुलै
जूनमध्ये चिठ्ठी दिली होती प.ला. मुंबईला निघू, येशील का. उत्तर नाही. रस्त्यात दिसते, मैत्रिणींच्या मधोमध चालते.

तिचे वडील नाना वकील. त्यांच्या घराची पायरी मला बंद. पण प. गणपतीच्या मेळ्यात गाते, अन् मेळ्याला कर्णे आणि आवाज वाढवायचं मशिन हुसेनचाचांचं. चाचांच्या दुरुस्तीच्या दुकानात एका गोवेकराची गिटार पडून आहे. तो मूकपटाच्या बँडमध्ये वाजवायचा. बोलपट आला, बँड मोडला, तो दुरुस्तीला टाकून गेला तो गेलाच. ती वाजवत मेळ्यात शिरायचं. मग तिला बोलावंच लागेल.

अडचण एक. गिटारीचा आवाज मांजराएवढा. शेजारी तेलुगू साळ्यांचे माग चालू झाले की माझा मलाच ऐकू येत नाही.

२५ जुलै
जुन्या रेडिओच्या हेडफोनची एक वाटी मिळाली. आत लोहचुंबक, त्यावर बारीक तारेचं वेटोळं. वरची पत्र्याची चकती काढून टाकली, वाटी तारांखाली बसवली, वायर मशिनला. काही नाही. दोन तास काही नाही. तारा आतड्याच्या, त्यांचं चुंबकाला काय. सतारीच्या तारा चढवल्या. वरच्या तीन कर्ण्यातून अशा बोलल्या की अंगावर काटा आला. लांब, गोल, जणू घंटेच्या आत बसून ऐकतोय. खालच्या तीन मुक्या.
चाचा म्हणाले, "पितल की तार है रे वो. पितल कू चुंबक क्या करेगा? कालेज में ये बी नै सिकाए?"
चिडून वायर उपटली. नंतर मीच जोडली.

२ ऑगस्ट
खालीही जाड पोलादी तारा चढवल्या. ताणानं घोडी उपटून आली, कपाळ थोडक्यात वाचलं. चाचा हसत होते. "गुस्सा तेरा, ताण उसकू."

९ ऑगस्ट
आज पुण्याहून सामान आलं, बादलीसकट. वसतिगृहातल्या रेक्टरनं प.ला लिहिलेलं माझं अर्धं पत्र पंगतीत मोठ्यानं वाचलं होतं. मी तांब्या फेकला. त्यांनी काढायच्या आधी मीच निघालो. दादांना वाटतं अभ्यास झेपला नाही. वाटू दे.

१६ ऑगस्ट
जमलं. पितळी तारा परत चढवल्या. वाटीवर पत्र्याची चकती पुन्हा बसवली आणि ती अख्खी वाटी लाखेनं गिटारीच्या पोटालाच चिकटवली. आता लाकूड हललं की आवाज. सहाच्या सहा तारा बोलतात. नखानं टिचकी मारली तर कर्ण्यात नगारा. चाचा जवळ येऊन खोकले तर तोही खोकला रस्त्यावर गेला. टांगेवाला वळून बघायला लागला. पोट दुखेपर्यंत हसलो.
"हसतो क्या. बजाना हुआ की बटन बंद करने का. याद रख."

२९ ऑगस्ट
नाना तालमीला आले. गिटारीकडे बघून, "हे काय, ख्रिस्ती वाद्य?" मी तोंड उघडणार होतो, चाचांनी पाय दाबला. मग प.चं पद सुरू झालं, मी मागं सूर धरला. नाना म्हणाले, "बरं आहे. राहू द्या." माझ्याकडे न बघता.
प.नंही बघितलं नाही. पण तिसऱ्या कडव्याला मी मुद्दाम उशीर केला तर ती थांबली माझ्यासाठी.

८ सप्टेंबर
उद्या चतुर्थी.  एवढे दिवस तालमीत समोर, आणि एक शब्द नाही.

११ सप्टें.
काल लिहिता आलं नाही.

काल दुपारची तालीम. कर्णे चौकातल्या लिंबाला बांधून झाले होते, चाचा तिकडे. मेळ्याच्या पोरी पाणी प्यायला गेल्या. प. मागं राहिली. माझ्यापाशी येऊन बसली, गिटारीच्या अगदी जवळ, पेटीवरून काही शोधतेय असं दाखवत. म्हणाली,
"मुंबई-बिंबई काही नाही. पुण्याला परत जा. बी.ए. हो. तोवर मी कुणालाही हो म्हणणार नाही."

तिचा आवाज दोनदा ऐकला. एकदा कानाशी. एकदा चौकातून.

बटन मीच चालू ठेवलं होतं, पूर्ण वर. परत जुळवायचा कंटाळा.

ती उठली नाही. पदर तोंडाशी नेला आणि तशीच बसली. बाहेर कुणीतरी हसलं, मग बरेच जण. चाचा लिंबाकडून धावत आले, पण तोवर बोलून झालं होतं.

१२ सप्टें.
रेक्टरनं माझं पत्र पंगतीत वाचलं तर मी तांब्या फेकला. मी तिचं बोलणं भर चौकात वाचलं. माझ्यावर कोण फेकणार?
नाना आलेच नाहीत भांडायला. आले असते तर बरं झालं असतं.

१४ सप्टें.
प.ला माळशिरसला मामाकडे पाठवलं. मेळ्यात तिच्या जागी दुसरी मुलगी. गिटार नाही. दादा मिलला जाताना बाहेरून कडी लावतात. आई खिडकीतून पाणी देते आणि रडते. मिशा फुटलेला मुलगा कोंडून ठेवलाय. कडी तोडता येईल. तोडून कुठं जाऊ?

१७ सप्टें.
चाचा खिडकीशी आले. प. निघाली तेव्हा ते चौकात कर्णे तपासत होते. गाडीत बसताना एकच विचारलं तिनं त्यांना, हळू. "वो पूना कू गया क्या, पूछी."
"मग तुम्ही काय सांगितलं?"
"मै बोला, जाएगा."

२० सप्टें.
दादांनी पुण्याला लिहिलं होतं, उत्तरात तांब्याचं आणि पत्राचं सगळं आलं. कॉलेज परत घेईल, रेक्टरची लेखी माफी मागितली तर. मसुदा दादांनीच केलाय, मोत्यासारख्या अक्षरात. तांब्याबद्दल माफी, तीही मागतो. पण खाली, "ज्या व्यक्तीच्या नावे ते पत्र होते, तिच्याशी माझा कसलाही संबंध नाही व पुढे राहणार नाही."
मी ती ओळ खोडली. दादांनी कागद घेतला, दुसरा लिहून आणला. ओळ तिथंच.
"ही नको, दादा."
"नानांना प्रत द्यायची आहे. त्याशिवाय ते गप्प बसणार नाहीत."
म्हणजे माळशिरसलाही जाणार. तिच्या हातात देतील, किंवा वाचून दाखवतील.
सही केली तर तिनं सांगितलं तसं होतं. आणि तिला कळतं की मी असं लिहून गेलो.
गाडी उद्या दुपारची. ट्रंक भरून झाली. दादा उंबऱ्याशी बसलेत, पाय आडवा टाकून, पेपर वाचतायत. मघापासून पान उलटलेलं नाही.
टाक तिसऱ्यांदा बुडवला. मसुद्याखाली वसंत एवढं लिहिलंय. आडनाव राहिलंय.