मध्यलय, अधिक-उणे पाच

५ जानेवारी
चिंचवडच्या गाण्याच्या क्लासला वर्ष झालं. आज अनिताबाईंना थेट विचारलं, मध्यलय म्हणजे मिनिटाला किती मात्रा? म्हणाल्या, विलंबितच्या दुप्पट धर. विलंबित किती? म्हणाल्या, मध्यलयीच्या निम्मी. बाकी रागावर आणि गळ्यावर असतं गं. माहिती दडवत आहेत. मापांचं ड्रॉइंग नसलेला पार्ट मी कंपनीत तपासणीत पास करत नाही.

८ जानेवारी, सकाळी ६.४०, कंपनीची बस
आकडा स्वतःच ठरवला. मिनिटाला ८० मात्रा, अधिक-उणे पाच. वार्षिक कार्यक्रमात एकटीने कोण गाणार, मी की उत्कर्षा, ते १ फेब्रुवारीला कळेल. उत्कर्षा डोळे मिटून गाते. डोळे मिटून मोजमाप होत नाही. माझी निवड पक्की.

१५ जानेवारी
तबल्याला ज्योतीराम असतो. चाकणला प्रेस शॉपमध्ये फर्स्ट शिफ्ट करून येतो. आज स्टॉपवॉच लावलं. उत्कर्षाला सुरुवातीपासून शेवटपर्यंत ७९. मला सुरुवातीला ८०, शेवटी १०८. तबला एकच, माणूस एकच. उत्कर्षा त्याच्या गावची आहे. नोंद केली.

२२ जानेवारी
आज ११२. ज्योतीरामला चहा पाजला आणि विचारलं, कुणी सांगितलंय का लय पळवायला. म्हणाला, ताई, मी कशाला पळवू, तुमी पुढं सुटताय, मी मागनं धापा टाकत येतोय. उत्तर लगेच आलं. म्हणजे तयार ठेवलेलं होतं.

२९ जानेवारी
दोन रंगांत ग्राफ छापून बाईंसमोर ठेवला. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिला आणि ज्योतीरामला बाहेर बसायला सांगितलं. कारवाई सुरू झाली. मग म्हणाल्या, आता तबल्याशिवाय, हातावर ताल देत गा. घड्याळ माझ्याकडे दे.

त्याच दिवशी, बसस्टॉप
११६. तबला नसताना.
खोलीत पंख्याचा आवाज होता. शिवाय बटण बाईंनी दाबलं, त्यांना सवय नाही. स्टॉपवॉच अचूक आहे का, कंपनीच्या लॅबमधून कॅलिब्रेट करून घ्यायचं.

३० जानेवारी
कॅलिब्रेशन झालं. स्टॉपवॉच बरोबर आहे. लॅबवाल्या प्रितमचं काम वरवरचं वाटलं.

१ फेब्रुवारी
उत्कर्षा गाणार. बाई म्हणाल्या, तूही स्टेजवर आहेस, तिच्या मागे तानपुऱ्यावर. विचारलं, तो कुठल्या लयीत छेडायचा? म्हणाल्या, त्याचा तालाशी संबंध नसतो, म्हणून तर तुला दिला.