पाचही जागा भरलेल्या आहेत

३ मार्च, सकाळी

नवा फोन घेतला. जुना दुकानात पोचायच्या आत मान टाकतो. आजपासून सगळं शिस्तीत. पहिलं काम, आमची गाणी नव्या फोनवर आणणे. चहा निवायच्या आत होईल.

३ मार्च, संध्याकाळी

चहा निवला. स्क्रीनवर एकच पालुपद: पाचही जागा भरलेल्या आहेत. एका अकाउंटवर म्हणे पाचच डिव्हाइस. आमचे पाच: माझा जुना फोन, हिचा फोन, लॅपटॉप, हॉलमधला स्पीकर आणि चष्म्याच्या दुकानातला टॅब. सहावा जोडायचा तर एक काढा.

का काढा? गाणी विकत घेतली आहेत, ढापलेली नाहीत. आमच्या घरात दोन गोष्टी अगदी रीतसर झाल्या, लग्न आणि गाण्यांची खरेदी. दोन्हींचे कागद आहेत. उद्या या लोकांना खडसावणार.

४ मार्च

खडसावलं. म्हणजे चॅटवर एक बाई होत्या, त्यांना नम्रपणे विचारलं. त्या म्हणाल्या, वापरात नसेल तो डिव्हाइस काढा, पण नीट विचार करून, कारण काढलेला वर्षभर परत जोडता येत नाही. मग त्यांनी विचारलं की दुसरा फोन घरातल्याच माणसाचा आहे ना. म्हटलं, अर्थात. ही सध्या ऑफिसजवळ राहते, तेवढाच बदल. कपाटातली हिची बाजू रिकामी आहे, पण कपाट आहेच ना. हे शेवटचं बाईंना लिहिलं नाही.

६ मार्च

शोध लागला! सेटिंगमध्ये कुठल्या डिव्हाइसवर शेवटचं काय वाजलं ते दिसतं. हिच्या फोनवर आज सकाळी ते पेटीचं संथ गाणं. लग्नाच्या वर्षी घेतलेलं, एका लॅपटॉपवर दोन डोकी घालून. कालही तेच होतं.

यातून काय समजायचं ते मी समजलो. बोलून दाखवणार नाही. दिवसभर दुकानात शीळ घालत होतो. एका काकूंना जवळच्याऐवजी लांबचा नंबर दिला. त्या परत आल्या, चष्म्यातून मला शोधत. बदलून देणार.

९ मार्च

ताई आली. घरभर बोट फिरवून धूळ दाखवली. नवा फोन खोक्यात का, म्हणाली. अडचण सांगितली. तर म्हणते, अरे, जुना काढ की, नवा घेतलास तर.

इतक्या वर्षांचा सोबती आहे, त्याला असं वाऱ्यावर सोडणं माझ्या स्वभावात नाही. ताई म्हणाली, मग तिचा काढ. तिला समजावलं की हा टेक्निकल प्रश्न आहे, भावनेच्या भरात निर्णय घेऊन चालत नाही. ताई नुसती भांडी घासून गेली. ती अशी भांडी घासायला लागली की माझं डोकं फिरतं.

११ मार्च

सकाळी पुन्हा पेटी. न राहवून दुकानातल्या काचवाल्याला सांगितलं. हा आमच्याकडे फ्रेमच्या मापाने काचा कापतो. तो म्हणाला, साहेब, कानात हेडफोन घातले की यादीतलं पहिलं गाणं आपोआप लागतं. त्याच्या फोनवर रोज इंग्रजी शिकवणीचा पहिला धडा लागतो, 'गुड मॉर्निंग, टीचर'.

असेल. पण लागलं तरी ही ते बंद करत नाही, हा मुद्दा त्याच्या लक्षात येत नाही. काचा कापणाऱ्याला काय कळणार.

१४ मार्च

निर्णय झाला. हिलाच विचारायचं. अकाउंट दोघांचं, निर्णय दोघांचा. असल्या गोष्टी फोनवर उरकत नाहीत, समोरासमोर बसावं लागतं. ही येईल. लॅपटॉप मध्ये, दोघं दोन्हीकडे. ताईने पुसलेला सोफा परत पुसला.

गिऱ्हाइकं सांभाळत मेसेज लिहिला, खोडला, लिहिला. हिला लांबण लावलेलं आवडत नाही, म्हणून काटछाट केली. फोन, डिव्हाइस वगैरे रुक्ष शब्द गाळले. शेवटी असा गेला: "तुझी जागा अजून तशीच ठेवली आहे. पण आता नव्यासाठी जागा करायला हवी आणि माझ्याच्याने काही होत नाहीये. काय करायचं ते तू सांग."

छान जमलाय. नेमका आणि भारदस्त.

१५ मार्च

हिचा फोन आला! मेसेज नाही, चक्क फोन, दुकानाचं शटर वर करत होतो तेव्हा. म्हटलं, आपला प्लॅन लागू पडला.

आवाज किती मोकळा. असा आवाज मी विसरलोच होतो. म्हणाली, मेसेज वाचून खूप बरं वाटलं. म्हणाली, "कोण आहे ते विचारत नाही, पण तुला कोणीतरी भेटलं ना, बास. माझी जागा अडवून ठेवू नकोस."

मी म्हटलं, अगं, नवा फोन. गाण्यांचं अकाउंट. पाचच डिव्हाइस चालतात.

हिने विचारलं, म्हणजे कोणीच नाही? म्हटलं, कोण असणार.

"मला वाटलं, सुटलो आपण दोघं," म्हणाली.

मग सावरून म्हणाली, पण तुझं काम झालंय बरं का. मेसेज वाचून बाकीचंही एकेक आवरायला घेतलं, त्यात माझा फोन काढून टाकलाय त्या अकाउंटमधून. वेळेवर जेवत जा. मी हो म्हटलं. थँक यू पण म्हटलं. मीच म्हटलं.

१६ मार्च

नवा फोन जोडला. खरंच चहा निवायच्या आत झालं. सगळी गाणी आली, एकही गळलं नाही. लावलं मात्र कुठलंच नाही.

दुपारी नंबर तपासायच्या खोलीत दिवा बंद करून बसलो आणि रडलो. काचवाल्याने बाहेर सांगितलं, मशीन बिघडलंय.

ही परत येणार नाही.

ही कसली. ती. ती परत येणार नाही.