आराशिमा आजोबांची बरगडी

मी, हिसानो कुनिएदा, वय वर्षे एकोणऐंशी, व्यवसाय मालिश करणे व शिकवणे, राहणार कुरायोशी, कालव्याकाठची गल्ली, हे मृत्युपत्र नोटरी सेझाकीसाहेबांना तोंडी सांगून लिहवून घेत आहे, कारण सातव्या वर्षापासून मला दिसत नाही. माझे डोके ठिकाणावर आहे. मी हे कोणाच्याही दबावाखाली करत नाही. दाबण्याचे काम या घरात आजवर मीच केले आहे. साहेब म्हणतात, हे वाक्य गाळू या. गाळायचे नाही.

साहेबांची तक्रार आहे की मी सारखी उठते, खिडकीपर्यंत जाते, परत येते, आणि त्यांचा मजकूर तुटतो. मला आज एका जागी बसवत नाही. का, ते पाचव्या कलमात येईल.

१. राहते घर भाचा शिगेहारु याला. तो दोनदा मोजमापाची टेप घेऊन आला होता. टेप परत गुंडाळताना केवढा आवाज होतो, हे त्याला माहीत नसावे. घर पाडून गाड्या लावायला जागा करू नये, एवढी अट.

२. बँकेत असेल ते अंत्यविधीला, आणि उरले तर वर्गाच्या गळक्या छपराला. कोंड्याच्या उशा, गाद्या आणि हाडांचा सांगाडा, ज्याला विद्यार्थी ‘भावोजी’ म्हणतात, शाळेतच राहावे.

३. माझ्या गुरूंची बांबूची शिटी. ती वाजवत ते रस्तोरस्ती गिऱ्हाइके शोधत फिरायचे. ही मी शेजारच्या तोफूवाल्या मुनेयासुला देणार होते, पण साक्षीदाराला काही देता येत नाही म्हणे. बरेच झाले, तो गल्लोगल्ली तोफू विकताना वाजवायचा भोंगासुद्धा बेसूर वाजवतो. शिटी माझ्याबरोबर शवपेटीत ठेवावी.

४. वासाबुचीने आपल्या मालिशच्या दुकानाच्या दारावरच्या पाटीवरून ‘हिसानोबाईंचा पट्टशिष्य’ ही अक्षरे, मी गेल्यावर एकोणपन्नासाव्या दिवशी जो विधी होतो, त्याच्या आत काढावीत. तो माझ्याकडे दोन महिने आला, त्यातले तीन आठवडे झोपला.

५. मागच्या अंगणातली वर्गाची इमारत आणि शाळेचे नाव चिगुसा मिनोगुची हिला.

हे कलम मी चारदा बदलले आहे. चिगुसा कोण, हे आताच्या विद्यार्थ्यांना माहीत नाही. मी हातावर हात ठेवून शिकवते. शिष्याचा हात पेशंटच्या अंगावर, माझा त्याच्यावर. जोर किती द्यायचा हे तोंडाने सांगता येत नाही. बावीस वर्षांपूर्वी आराशिमा आजोबा, नाशपातीच्या बागेचे मालक, वय नव्वद, भिंतीकडे तोंड करून कुशीवर पडले होते. चिगुसाचा हात खाली, माझा वर. पोरीने अगदी बेताने धरले होते. मी म्हणाले, “अगं, जेवली नाहीस का? दे जोर.” आणि जोर मीच दिला. बरगडी कट्‌ करून मोडली. खोलीत चिगुसा, आणखी पाच विद्यार्थी आणि मी. एकालाही दिसत नव्हते.

संध्याकाळी आजोबांचा मुलगा आला. “कोणाचा हात होता?” मी म्हणाले, “चिगुसाचा.” ते खोटे नव्हते, म्हणूनच इतकी वर्षे टिकले. शाळा नवी होती आणि मी घाबरले होते. वर सगळ्या वर्गासमोर तिला बोलले, “हात आहे की मुसळ?” ती काही बोलली नाही. आठवड्याभरात शाळा सोडून गेली. आता मिसासाच्या गरम झऱ्यांच्या हॉटेलात झिंगलेल्या पाहुण्यांचे पाय चेपते. तिच्यासारखा हात मला पुन्हा मिळाला नाही. मला लाज वाटते.

६. वरील हकीकत माझ्या एकोणपन्नासाव्या दिवशी सर्व विद्यार्थ्यांसमोर मोठ्याने वाचावी आणि चिगुसाची माफी मागावी.

इथवर झाल्यावर साहेबांनी नियमाप्रमाणे सगळे मला वाचून दाखवले. दुसऱ्याच्या तोंडून ऐकले तेव्हा ध्यानात आले की मी मेल्यावर माफी मागणार आहे, म्हणजे मला उलट कोणी बोलायलाच नको. चांगलीच सोय केली होती मी स्वतःची.

“साहेब, फोन लावा.”

“कोणाला, बाई?”

“चिगुसाला.”

“बाई, हे मृत्युपत्र आहे. जिवंतपणीची कामं ह्यात येत नाहीत.”

“मग लिहू नका. पण लावा.”

मुनेयासुने लावला. झालेले बोलणे मी नंतर साहेबांना लिहायलाच लावले. त्या हॉटेलात तोफू तोच पोचवतो.

“चिगुसा, मी हिसानो बोलतेय.”

“ओळखला आवाज, बाई.”

“त्या दिवशी जोर माझा होता.”

ती म्हणाली, “माहीत आहे मला. तुमच्या हाताखाली माझाच हात होता ना.”

मला हे बावीस वर्षांत एकदाही सुचले नव्हते.

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही बोलाल म्हणून थांबले. बोलायचं तुमचं होतं.”

मी शाळेचे सांगितले. “ते राहू द्या,” ती म्हणाली. “आणि हे मला एकटीला सांगून काय होणार? मला ठाऊकच होतं. बाकीचे पाच जण अजून मला मुसळ म्हणतात. सोमवारी वर्ग असतो ना? तिथे सांगा. मी येऊन मागे बसते.”

७. म्हणून कलम सहा रद्द. सोमवारी सकाळी दहा वाजता मी स्वतः वर्गात सांगणार आहे. जुन्या पाचही जणांना मुनेयासु निरोप देईल. कलम पाच कायम, जरी चिगुसाने अजून हो म्हटलेले नाही. सोमवारच्या आत मी मेले, तर शाळा तिला मिळावी. पण तिने मला माफ केले, असे कोणीही समजू नये.

हे सर्व मला दुसऱ्यांदा वाचून दाखवले, मी ऐकले, आणि माझ्या हाताने सही केली. ओळ वाकडी गेली असेल तर ती माझीच आहे.

सही : हिसानो कुनिएदा

साक्षीदार : मुनेयासु ओगाता, तोफू विक्रेते
साक्षीदार : फुजिए नात्सुकावा, टपाल खात्यातून निवृत्त

लिहून घेणार : सेझाकी, नोटरी

कुरायोशी, शुक्रवार, १६ नोव्हेंबर २०१८