भिंतीवरचं लाल बटण

३ मार्च
आता बाळंतपण म्हणे डोळ्यांवर डबा चढवून शिकवणार. व्हीआर. यात काहीतरी काळंबेरं आहे. या परीक्षेत पास झालो तरच लेबर रूमची ड्यूटी. इकडे ताईला नववा लागलाय. भाऊ डॉक्टर होतोय, तोच मला सांभाळेल, असं ती गावभर सांगत सुटलीय. मीही छाती फुगवून हो म्हटलंय. तेव्हा पहिल्या फटक्यात पास. ठरलं.

५ मार्च
डबा चढवला. हुबेहूब लेबर रूम. बाई कळा देतायत. बाळाचं डोकं बाहेर, खांदा आत अडकलेला. भिंतीवर भलंमोठं लाल बटण: मदत. एवढं मोठं? उघडउघड सापळा! दाबणाऱ्याचे मार्क कापत असणार. नाही दाबलं. एकट्याने खिंड लढवली. नापास. यंत्रात बिघाड.

९ मार्च
पुन्हा नापास. शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, रिपोर्ट वाच, चूक पहिल्याच ओळीत आहे. वाचणार नाही. रिपोर्ट त्या डब्याचा टेक्निशियन काढतो, आणि तो माझ्याकडे बघून हसतो. रूममेट कधीच पास झालाय. आत गेल्या गेल्या बटण दाबलं म्हणाला. मला गाळात घालायचा डाव. पुरता ओळखून आहे मी त्याला.

१४ मार्च
आज डब्यातल्या बाई थेट माझ्याकडे बघत म्हणाल्या, कुणाला तरी बोलवा हो. म्हणजे त्याही सामील! वाईट वाटलं. पण बटणाला शिवलो नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व. नापास.

१८ मार्च, दुपार
ताईला कळा, आणलं आमच्याच हॉस्पिटलात. ड्यूटी नाही तर नाही, भाऊ म्हणून आत गेलो. नियमातली पळवाट! डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला. खराखुरा. ताईचा. माझा जीव टांगणीला. आणि इतक्या अनुभवी मॅडमनी आधी काय केलं? भिंतीवरचं बटण दाबलं. माणसं धावत आली. दोघींनी ताईचे पाय पोटाशी दुमडले, एकीने ओटीपोटावर दाब दिला. पुढचं मला नीटसं आठवत नाही.

१९ मार्च
भाची ठणठणीत. ताईही. रिपोर्ट शेवटी वाचला. प्रत्येक वेळी पहिली ओळ तीच: मदत मागितली नाही.
ताई मात्र सगळ्यांना सांगतेय, की काल तिच्यापेक्षा मीच मोठ्याने ओरडलो, कुणीतरी या, मी पडतोय. आणि पडलो.
मॅडमना म्हटलं, बघा, मागितली की मदत, त्याचे मार्क द्या.
म्हणाल्या, पेशंटसाठी मागायची असते.