निबंधातलं नाव

ती. आबांना,
सांगलीहून साक्षीचा नमस्कार.

मी बरी आहे. मेसचं जेवण आता सोसतंय. तुमची कंबर कशी आहे?

पण आबा, मला लय राग आलाय. काल स्त्री-साहित्याच्या तासाला हजेरीत माझं नावच आलं नाही. ऑफिसात विचारलं, तर क्लार्क म्हणाले, "तुझ्या वडिलांनी विषय बदलायचा अर्ज दिलाय." मला एका शब्दानं विचारलं नाहीत?

भाकऱ्या द्यायला आलात तेव्हा तुम्ही माझी वही वाचलीत, हे आता कळलं. याच विषयासाठी घरातल्या एका बाईवर निबंध लिहायचा होता. लग्नानंतर आईचा नर्सिंगला नंबर लागला आणि तुम्ही ते प्रवेशाचं पत्र चुलीत घातलंत, एवढंच मी लिहिलं. त्यात खोटं काय आहे?

मी पुन्हा अर्ज भरून तोच विषय घेतलाय.

निबंधात आईचं नाव मी बदललं होतं. काल फोनवर तिला सगळा वाचून दाखवला. तिनं शेवटपर्यंत ऐकला. मग म्हणाली, "नाव का बदललंस गं? शकुंतलाच लिव."

शुक्रवारी वर्गात मी तो त्याच नावानं वाचणार आहे.

रागावलेली, तरी तुमचीच,
साक्षी