सोळांत तीन पिवळे

उएदा, तैशो सम्राटांच्या कारकिर्दीचे सहावे वर्ष, २ जुलै

प्रिय आईस,

नमस्कार. आजीचा गुडघा कसा आहे? मामीचे आलुबुखार मिठात पडले का? इकडे मी वेळेवर जेवते, काळजी नको.

आई, आपण जिंकलो!

काल रेशीम उत्पादकांच्या सभेत कुरिबायाशीकाकांनी पुन्हा तेच सुनावलं, "तोयोबाईंनी पांढऱ्याच्या नावाखाली पिवळ्या वाणाची अंडी खपवली. गिरणीने माझे कोश परत पाठवले!" मी उठले.

"पोरींनी मध्ये बोलू नये."

"शाळेच्या मास्तरांनी पाठवलंय, काका. बोलूनच बसेन."

मी माझे कोश मांडले. तुझी अंडी परदेशी पांढरा आणि आपला पांढरा यांच्या संकराची. तुझ्या उरलेल्या अंड्यांतून गेल्या उन्हाळ्यात एकूण एक कोश पांढरा निघाला. यंदा त्या कोशांतून बाहेर पडलेल्या पतंगांची पुढची पिढी वाढवली, तर सोळांत तीन पिवळे! मास्तर म्हणत होते, निघालेच तर चारांत एक. मी पुन्हा पुन्हा मोजले. मग उमगलं. परदेशी पांढऱ्यात पिवळा रंग असतोच, पण दुसरा एक गुण त्याला दाबून ठेवतो. आपल्या वाणात रंगही नाही, दाबणाराही नाही. मुलांमध्ये दोन्ही उतरतात, म्हणून ती पांढरी. नातवंडांत मात्र काहींच्या वाट्याला नुसता रंग येतो.

काकांनी पुरावा म्हणून जपलेलं परत आलेल्या कोशांचं पोतं तिथेच उघडून मोजलं. सोळांत तीनच!

"काका, आईच्या अंड्यांतून पिवळा निघत नाही, त्यांच्या पुढच्या पिढीतून निघतो. तुम्ही नवी अंडी घेतलीच नव्हती ना?"

काका लालबुंद. "अगं, घरात एवढे पतंग फडफडत होते, विकत कशाला घ्यायची?"

सभा खो खो हसली. अध्यक्षांनी उभं राहून तुझी विक्रीची परवानगी परत दिली.

आता मघापासून टाळते आहे ते. काल संध्याकाळी मध्यस्थबाई आल्या होत्या. काकांचा पुतण्या लग्नाला पुन्हा तयार आहे म्हणे. हे स्थळ मोडू नये म्हणूनच तू न केलेल्या चुकीची माफी मागितलीस आणि दुकान बंद करून माहेरी गेलीस, हे मला ठाऊक आहे. मी नाही म्हटलं. ज्या सोयरिकीसाठी तुला मान खाली घालावी लागली, ती मला नको.

रागवायचं तर इथे येऊन रागव. आज सकाळी दुकानाची पाटी लावली. दारात गिऱ्हाइकं विचारताहेत, "तोयोबाई कुठे?" मी सांगून टाकलं, परवाच्या गाडीने येताहेत.

मला खोटं पाडू नकोस.

तोयोबाईंची लेक,
शिगेनो